सासष्टीतली उमेदवारी

एम.ए.च्या वर्गाला मी बरीच वर्षं क्रिस्तपुराण शिकवलं. दरवर्षी कुणीतरी विचारणारच, की विल्टशरमध्ये जन्मलेल्या इंग्रजाला ओवी इतकी सफाईदार जमली कशी? प्रतिभा, ईश्वरी देणगी वगैरे उत्तरं मला कधी पटली नाहीत. क्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स 1579च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरले आणि 1619 साली तिथेच वारले. मधली चाळीस वर्षं, बहुतेक गोव्यातल्या सासष्टीत, त्यांनी उमेदवारी केली.

1583 साली भावाला धाडलेल्या पत्रात इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनच्या वळणाची असल्याचं त्यांनी लिहिलं. भाषाशास्त्रज्ञ त्यावर खूश असतात; मला त्यात व्याकरण घोटणारा विद्यार्थी दिसतो. त्याच वर्षी सासष्टीतल्याच कुंकळ्ळीला जेझुइट पाद्री रोडोल्फो अक्वाविवा आणि त्यांच्या सोबत्यांना गावकऱ्यांनी ठार मारलं. देवळं पाडल्याचा राग होता तो. प्रेतं ताब्यात मिळवायची कामगिरी स्टीफन्सच्याच वाट्याला आली. पुढे ज्यांच्यासमोर प्रवचन करायचं, त्यांच्या मनात काय खदखदतंय हे कोणत्याही सेमिनरीत इतकं लख्ख कळलं नसतं.

अभ्यासाला पोथ्याही होत्या, पण त्या मिळवायची रीत वाईट. 1559 साली एका बाटलेल्या ब्राह्मणाने सोबती घेऊन एका विद्वानाच्या घरून व्यासांच्या ग्रंथांच्या पोथ्या पळवून आणल्या. त्या बिचाऱ्याची आठ वर्षांची मेहनत गेली. गोव्यात पाद्री त्या वाचून ब्राह्मणांशी वाद घालायची तयारी करत. पोर्तुगालात ब्रागाच्या ग्रंथालयात या काळाची हस्तलिखितं आहेत: रामायण-महाभारताच्या कथा, काही कोकणी गद्यात, काही मराठी पद्यात, आणि लिपी रोमन. हा खटाटोप गावकऱ्यांसाठी नक्कीच नव्हता. आपली लिपी न येणाऱ्या, पण लोकांच्या तोंडची भाषा हवी असणाऱ्या पाद्रीच्या उपयोगाचा तो मजकूर. गावात पुराण बंद आणि पाद्रींच्या अभ्यासिकेत चालू, असा तो मामला!

1606च्या गोव्यातल्या धर्मपरिषदेने ठरवलं, की स्थानिक भाषा न शिकलेल्या पाद्रीला पॅरिश द्यायची नाही. मात्र नियमाने भाषा येते, श्रोता कळत नाही. स्टीफन्सना तो कळला होता. क्रिस्तपुराणाच्या सुरुवातीचा प्रसंग पाहा. मुलांना ख्रिस्ती शिकवण दिली जात असताना एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला दुसरं काही का देत नाही? हा प्रश्न त्यांनी ग्रंथात ठेवला, यातच मला त्यांचं खरं शिक्षण दिसतं. उत्तरादाखल सुमारे अकरा हजार ओव्या आल्या. 1616 साली त्या छापल्या गेल्या, त्याही रोमन लिपीत. देशी अक्षरांचे खिळे पाडायची परवानगी त्यांनी 1608 साली वरिष्ठांकडे मागितली होती. खिळे काही झाले नाहीत. तरी मिस्सेनंतर चर्चमध्ये ओव्या म्हटल्या जाऊ लागल्या. नव्या पाद्रींच्या हाती पडावं असं त्यांचं कोकणी व्याकरण मात्र त्यांच्या पश्चात, 1640 साली राशोलला छापलं गेलं.

मग 1684 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं: तीन वर्षांत कोकणी सोडा, पोर्तुगीज बोला. पाद्रींनी भाषा शिकण्याऐवजी अख्ख्या प्रजेनेच शिकायची! आळशी विद्यार्थ्याची युक्ती, दुसरं काय. लोकांनी अर्थातच कोकणी सोडली नाही.

तोवर लोकांची भाषा शिकून धर्म सांगायची ही विद्या गोवेकरांनी उचलली होती. बाणावलीचे जोझे वाझ 1687 साली सिलोनला पोहोचले. तिथे डच सत्तेची कॅथलिकांवर बंदी, म्हणून वेष पालटून, तमिळ आणि सिंहली शिकून त्यांनी काम केलं. 1711 साली ते कँडीत वारले. त्यांच्या मागोमाग गेलेल्या दिवाडीच्या जाकोम गोन्साल्विस यांनी सिंहलीत इतकं लिहिलं, की त्या भाषेच्या वाङ्मयेतिहासात त्यांना वगळता येत नाही.