लव्हबर्डच्या मडक्याची कुळकथा

पोटाला भोक, तोंडावर झाकण आणि पिंजऱ्याच्या जाळीला तारेनं बांधलेलं मडकं: आपण ज्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणतो त्या बजरीगरांचं हे बाळंतघर आलं कुठून? पक्ष्याचं कूळ सर्वज्ञात आहे. मूळ ऑस्ट्रेलियाचा, 1840 मध्ये जॉन गूल्डनं तो जिवंत इंग्लंडला आणला, 1850च्या दशकात जर्मनीत त्याची वीण झाली, 1880च्या सुमारास बेल्जियममध्ये निळा रंग निपजला. मडक्याचं कूळ धुंडाळताना मात्र एक मोहात पाडणारा दुवा सापडतो. त्याच बेल्जियम-हॉलंडच्या मुलुखात 16व्या शतकातही घरांच्या भिंतींवर मातीची भांडी टांगत. मैनेच्या कुळातले स्टार्लिंग पक्षी त्यांत घरटी करत आणि लोक भांड्याच्या मागच्या भोकातून पिल्लं काढून खात. तेच भांडं पुढे पिंजऱ्यात शिरलं आणि बजरीगरासोबत आपल्याकडे पोचलं, असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं.

पण हा वंशवृक्ष टिकत नाही. इंग्लंडमधले जुने शौकीन बजरीगरांना नारळाची पोखरलेली करवंटी देत, इतरत्र लाकडी पेटी चाले, आणि पक्षी तिन्हींत सारखेच विणले. भांडी बदलली, अंधारी पोकळी तेवढी कायम राहिली. रानात हा पक्षी निलगिरीच्या ढोलीत शिरतो. काडी-कचरा न आणता तळाच्या भुशावरच अंडी घालतो. त्याला घरटं नको, पोकळी हवी, आणि आपल्याकडे सर्वांत स्वस्त पोकळी कुंभाराकडे मिळते. त्यामुळे मडक्याचा पूर्वज बेल्जियम-हॉलंडच्या भिंतीवर नाही, ऑस्ट्रेलियाच्या ढोलीत आहे, असंच माझं मत.

यावर रास्त आक्षेप असा की आपला पोपटही ढोलीतच अंडी घालतो आणि शतकानुशतकं पिंजऱ्यात आहे. मग त्याची घरोघरी वीण का झाली नाही? 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याकडे बोट दाखवून भागत नाही. देशी पोपट बाजारातून का हटला, हे त्यातून कळतं. त्याआधीही रानातून पिल्लं काढूनच आणत, ते का, हे कळत नाही. उत्तर पावसात आहे. आपला पोपट वर्षातला ठरावीक हंगाम पाळतो. बजरीगराच्या कोरड्या मुलखात पावसाचा भरवसा नसतो, म्हणून दाणा पिकला की तो कधीही विणतो. त्यात नरांची किलबिल ऐकून मादीचं बीजांड वाढीला लागतं. वाटीत बारमाही राळा, शेजारी किलबिल आणि समोर पोकळी असली की त्याच्या लेखी सुगीच आली. मग एक दिवसाआड एक अशी चार ते सहा अंडी, सुमारे 18 दिवसांची उबवण आणि महिन्याभरानं बाहेर डोकावणारी पिल्लं.

म्हणूनच पाळणाऱ्यांना एक सांगणं: टांगलेलं मडकं हेच विणीचं आमंत्रण असतं. दोन विणी झाल्या की ते उतरवा, नाहीतर मादी झिजत जाईल.