बाळाची लस, बाळाचे औषध : खात्रीची माहिती कुठे मिळेल?

बाळ दीड महिन्याचे झाले की घरात प्रश्नांना सुरुवात होते. महापालिकेच्या दवाखान्यातील कार्डावर लशींची एक यादी असते, खासगी डॉक्टरांच्या फाइलमध्ये दुसरी. त्यातच ‘अमुक लशीमुळे मुले आजारी पडतात’ असा संदेश एखाद्या नातेवाइकाकडून मोबाइलवर येतो. विश्वास कोणावर ठेवावा हे न उमगल्याने काही पालक लस पुढे ढकलतात. ही दिरंगाई जिवावर बेतू शकते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी व अन्य भागांत गोवरचा उद्रेक होऊन बालकांचे मृत्यू झाले. बाधितांमध्ये लस न घेतलेल्या मुलांचे प्रमाण मोठे होते.

याद्या दोन का?

केंद्र सरकारचा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ पासून सुरू आहे. जन्मतः बीसीजी, पोलिओ व हेपॅटायटिस बी. सहा, दहा व चौदा आठवड्यांनी पेंटाव्हॅलंट, पोलिओ व रोटाव्हायरस. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला, अशा लशी त्यात मोफत मिळतात. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या वेळापत्रकात याखेरीज गालगुंड, कांजिण्या, हेपॅटायटिस ए यांवरील लशीही आहेत. दोन्ही याद्या खऱ्याच आहेत. सरकारी यादीतील लशी प्रत्येक बालकाला मिळायलाच हव्यात. त्यापुढील लशींचा निर्णय डॉक्टरांशी बोलून घेता येतो. दोन्ही वेळापत्रकांत वेळोवेळी बदल होतात. त्यामुळे थोरल्या मुलाचे जुने कार्ड धाकट्यासाठी प्रमाण मानू नये.

अफवेचे मूळ

गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लशीमुळे स्वमग्नता येते, ही शंका १९९८ मध्ये ब्रिटनमधील अँड्र्यू वेकफिल्ड यांच्या ‘लॅन्सेट’मधील लेखाने पसरली. तो लेख अवघ्या १२ मुलांवर आधारलेला होता. २०१० मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यक नोंदवहीतून काढण्यात आले. पुढे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील अभ्यासात साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. लशीचा स्वमग्नतेशी संबंध आढळला नाही.

लशीला दुष्परिणाम नसतातच, असे मात्र नाही. पेंटाव्हॅलंटनंतर एक-दोन दिवस ताप येणे, इंजेक्शनची जागा दुखणे, बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येऊन व्रण राहणे हे अपेक्षित असते. लस दिल्यानंतर अर्धा तास केंद्रावरच थांबावे. आकडी, श्वासाचा त्रास किंवा न थांबणारे रडणे आढळल्यास बाळाला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

औषधाचे माप

पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत सामान्यतः १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम. म्हणजे थेंब सिरपच्या सुमारे चौपट तीव्र असतात. सिरपचे माप थेंबांना लावल्यास यकृताला इजा होऊ शकते. मात्रा वयावर नव्हे, तर वजनावर ठरते. म्हणून शेजारच्या मुलाला दिलेली मात्रा आपल्या बाळाला देऊ नये.

२०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य असलेल्या खोकल्याच्या औषधाने मूत्रपिंडे निकामी होऊन वीसहून अधिक बालके दगावली. त्यांपैकी अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सूचना काढली : दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सर्वसाधारणपणे टाळावीत.

विचारायचे कोणाला?

- लशीविषयी : बालरोगतज्ज्ञ, आरोग्य केंद्रातील परिचारिका किंवा आशा कार्यकर्ती. केंद्रीय आरोग्य मंत्रालय व जागतिक आरोग्य संघटना यांची संकेतस्थळेही उपयुक्त आहेत.
- औषधाच्या दुष्परिणामाची नोंद : भारतीय औषधकोश आयोगाचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४. येथे रुग्णाचे नातेवाईकही माहिती देऊ शकतात.
- संशयास्पद औषध : राज्याचे अन्न व औषध प्रशासन. तक्रारीसाठी बाटली, बॅच क्रमांक व पावती जपून ठेवावी.

माहिती पारखताना

कोणताही मजकूर वाचताना चार गोष्टी पाहाव्यात. लिहिणाऱ्याचे नाव व पात्रता दिली आहे का? तारीख आहे का? फायद्याबरोबर धोकाही सांगितला आहे का? आणि लिहिणारा स्वतः काही विकत तर नाही ना? निनावी, बिनतारखेचा आणि ‘सर्वांना पाठवा’ असे बजावणारा संदेश पुढे पाठवू नये. तो डॉक्टरांना दाखवून खातरजमा करावी.

माता व बाल संरक्षण कार्ड प्रत्येक भेटीत सोबत न्यावे आणि त्याचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवावे. एखादी लस चुकली असल्यास घाबरून न जाता कार्ड घेऊन केंद्रावर जावे. बहुतेक लशी उशिरानेही देता येतात आणि राहिलेल्या मात्रांसाठी सारे पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही.