पत्र्याला लावलेली करवत

गेल्या शनिवारी जुन्या गाड्यांच्या लिलावाचा एक व्हिडिओ बघत बसलो होतो. निवेदक सारखा एकच शब्द घोळवत होता : 'अनकट'. हिऱ्याबद्दल ऐकलं होतं, गाडीबद्दल पहिल्यांदाच! मग काय, रविवार त्यातच गेला.

गाडी म्हणजे फोर्डची पहिली ब्राँको. १९६६ ते १९७७ ही तिची मॉडेल वर्षं. व्हीलबेस अवघा ९२ इंच, काचा सपाट, पत्रा साधा. स्वस्तात बनावी अशीच आखलेली. मागच्या चाकावरची कमान मात्र इतकी खाली उतरलेली की मोठा टायर मावायचाच नाही. शेतावर किंवा शिकारीला जाण्यापुरतं ठीक होतं. पण लोकांनी तिला वाळवंटात नेलं!

१९६७ साली मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात तिहुआना ते ला पाझ अशी शर्यत सुरू झाली. वाळू, दगड, खड्डे. तिथे मोठा टायर हवाच. गाडीचं पोट जमिनीपासून वर राहतं, चाक खड्ड्यात कमी अडकतं. पण सस्पेन्शन दबलं की हाच टायर वर येऊन पत्र्याला घासतो. उपाय दोनच. एक, गाडी उंच करायची. पण इतकी आखूड गाडी फार उंच केली की तोल बिघडतो. दोन, सरळ पत्रा कापायचा. असंख्य मालकांनी कापला. १९६९ मध्ये लॅरी मायनर आणि रॉड हॉल यांनी ब्राँको घेऊन बाकी सगळ्या गाड्यांना मागे टाकलं. आणि १९७१ पासून तर बिल स्ट्रॉपी यांची 'बाहा ब्राँको' फोर्डच्या डीलरकडेच मिळू लागली. कमानी आधीच कापलेल्या, वर झालरी लावलेल्या!

कापणं सोपं, निस्तरणं कठीण. कमानीपाशी बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे एकत्र जोडलेले असतात. तो जोड कापला आणि नीट वेल्डिंग केलं नाही, की फटीत चिखल आणि मागोमाग गंज. शिवाय कापलेला पत्रा काही परत उगवत नाही. म्हणूनच आज न कापलेली ब्राँको जास्त भाव खाते.

गंमत बघा, नाव कमावलं कापलेल्या गाड्यांनी आणि किंमत येते न कापलेल्यांना! त्या मालकांना वेडं म्हणायचं का? मला नाही वाटत. त्यांना गाडी लिलावात विकायची नव्हती, चालवायची होती.

कंपनीला हे उमगायला बराच वेळ लागला. २०२१ च्या नव्या ब्राँकोत ३५ इंची टायर थेट कारखान्यातून मिळू लागले आणि चाकांवरच्या झालरीही चटकन काढता येतील अशा आल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर यूजरने करवतीने लिहिलेली फीचर रिक्वेस्ट. मंजूर व्हायला पन्नासेक वर्षं लागली इतकंच :-)

असो. उद्या ऑफिसात एका जुन्या मॉड्यूलमधला कुणीतरी केलेला जुगाड मला उडवायचा आहे. पण आधी विचारणार आहे, इथे कुणाचा टायर घासत होता?