मेण, रंग आणि आच : मेणचित्रांच्या अभ्यासाची प्रस्तावना

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातले तेरखेडा महाराष्ट्राला माहीत आहे ते फटाक्यांमुळे. कागद, पुठ्ठा, सुतळी आणि दारू यांच्याशी या गावाची पिढ्यांची ओळख, आणि ठिणगीशी सावधपणे वागण्याची सवयही तितकीच मुरलेली. मेणचित्रांची ओळख करून देताना मला हेच गाव सोयीचे वाटते, कारण या चित्रपद्धतीत कुंचल्याहून मोठे हत्यार आच आहे. ज्यांना आचेचा धाक आणि लळा दोन्ही आहे, त्यांचे या विषयात मनापासून स्वागत.

पद्धत सांगायला सोपी आहे. मधमाश्यांचे मेण वितळवायचे, त्यात थोडी डमर राळ घालायची, कोरडी रंगपूड मिसळायची आणि मिश्रण गरम असतानाच लाकडी फळीवर लावायचे. मग तो थर पुन्हा तापवून खालच्या थराशी एकजीव करायचा. ही शेवटची पायरी गाळली तर थर पापुद्र्यासारखे सुटू शकतात. बाटिकशी हिची गल्लत होते म्हणून सांगतो: बाटिकमध्ये मेणाचे काम रंग अडवण्याचे, आणि शेवटी ते कापडावरून काढून टाकतात. इथे मेण हेच चित्राचे अंग असते.

ही कला परदेशी म्हणून बिचकणाऱ्यांनी तेरखेड्यापासून फार दूर नसलेल्या तेरला जावे. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी वर्णनात तगर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे. तिथले जाडेभरडे कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून आडरानातून भडोचला जाई. भडोचचा माल पुढे तांबड्या समुद्रातून इजिप्तच्या बंदरांत उतरे. त्याच काळात, त्याच इजिप्तच्या फयूम भागात चित्रकार पातळ फळ्यांवर माणसांचे चेहरे रंगवत होते, त्यांतले कितीतरी मेणरंगांत. मृत माणसाच्या ममीवर त्याचा चेहरा म्हणून ती फळी बांधली जाई. १८८८ साली फ्लिंडर्स पेट्रीने हवारा येथे उत्खनन केले तेव्हा असे चेहरे मोठ्या संख्येने उजेडात आले. अठराशे वर्षे वाळूत राहूनही त्यांच्या डोळ्यांतली चमक आणि गालांवरची लाली जाग्यावर होती. तगरच्या कापडाचा आणि त्या चित्रांचा थेट धागा कुणी जुळवू नये, तसा पुरावा नाही. पण दोन्ही एकाच व्यापारी जगातली आहेत. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहा. तिच्या जवळची वाटावी अशी मूर्ती इटलीत पाँपेईच्या अवशेषांत सापडली आहे.

रोमन लेखक प्लिनीने मेणरंगांबद्दल लिहिताना जहाजांचाही उल्लेख केला आहे: वितळलेल्या मेणाने रंगवलेली जहाजे ऊन, मीठ आणि वारा यांना दाद देत नाहीत. सिनाई पर्वताच्या पायथ्याशी सेंट कॅथरिनच्या मठातले सहाव्या शतकातले ख्रिस्ताचे चित्र याच पद्धतीचे. पुढे अंड्याच्या बलकातले आणि नंतर तेलातले रंग सोयीचे ठरले, मेण मागे पडले. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये काउंट केलूसने जुने ग्रंथ वाचून ते पुन्हा करून पाहिले. विसाव्या शतकात विजेच्या शेगडीने आच काबूत आली आणि मग चित्रकारांची वाट खरी मोकळी झाली.

त्यांत अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्सचे ‘फ्लॅग’ (१९५४–५५) अभ्यासकाने नीट पाहावे. आपण झेंडा रंगवतो आहोत असे स्वप्न त्याला पडले, आणि त्याने कामाला सुरुवात केली. आधीचा रंग वाळायला वेळ लागे म्हणून तो मेणाकडे वळला. मेण लगेच थिजते, त्यामुळे प्रत्येक फटकारा वेगळा टिकतो. त्याने वर्तमानपत्राचे तुकडेही त्यात बुडवले, आणि जवळ गेल्यावर झेंड्याच्या आतून छापील ओळी दिसतात. स्वतःच्या आयुष्यातली वस्तू चित्राच्या पोटात ठेवण्याची ही युक्ती आपल्याला फार उपयोगाची आहे. तेरखेड्याच्या मुलाने फटाक्याच्या पुठ्ठ्याची रिकामी, दारू न लागलेली नळी किंवा तिच्यावरचा रंगीत कागद मेणात बसवला, तर त्याचे गाव चित्रात येईल.

निसर्गाचेही तसेच. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी जमीन मेणात दाखवायची असेल तर आधी गेरू आणि पिवडीचे थर द्यावेत, त्यांवर काजळीचा दाट थर, आणि थंड झाल्यावर बोथट पात्याने भेगांच्या वाटेने खरवडावे. खालचा तांबूसपणा आपोआप वर येतो. हॉट एअर गन फिरवताना बारकाईने पाहा: मंद पृष्ठभागावर एकदम ओली लकाकी धावते, रंगांच्या कडा सैल होतात, एक रंग दुसऱ्यात शिरतो. हात त्या क्षणी काढायचा. दोन सेकंद उशीर झाला की भेगांचा चिखल होतो. झाकणे, तापवणे, खरवडणे हा क्रम आठवणींच्या कामालाही जुळतो. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट या जिल्ह्यातल्या एका पिढीच्या मनात आहे. ती रंगवू पाहणाऱ्याला मेणाहून योग्य माध्यम मला सुचत नाही.

आता जरा व्यवहाराचे. मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. वजनाने आठ भाग मेणाला एक भाग राळ हे सुरुवातीचे चांगले प्रमाण. राळेने थर कडक होतो आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तग धरतो, तरी चित्र थेट उन्हात ठेवू नये. तवा ९० अंशांच्या पुढे जाऊ देऊ नका. धूर दिसला की आच जास्त झाली असे समजा, आणि खिडक्या उघड्याच ठेवा. सिंदूर, हिंगूळ, हरताळ यांत शिसे, पारा आणि सोमल असतात, ते मेणात घालू नका. मेणबत्तीचे पॅराफिन ठिसूळ, ते टाळा. पेटलेल्या मेणावर पाणी ओतू नका, भांड्यावर झाकण टाका. आणि तेरखेड्यासारख्या गावात चित्रांची शेगडी दारूकामाच्या जागेजवळ कधीही लावू नका, यात सवलत नाही.

मेणाच्या खरेदीत घाई करू नका. आग्या मोहोळाचे आणि सातेरीचे मेण दोन्ही चालते, पण ते गाळून घ्यावे लागते. मोहोळ जाळून मध काढणाऱ्याकडून घेऊ नका, पेट्या ठेवणाऱ्याला विचारा.

मराठीत या विषयावरचे लेखन फार थोडे आहे. म्हणून तुमच्याकडून एक अपेक्षा: कोणते मेण किती तापवले, कोणत्या मातीचा रंग कसा बसला, हे प्रत्येक फळीच्या मागे तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या अभ्यासकाला त्याच नोंदी लागणार आहेत.