जमाखर्च जुळला नाही की पडणारा खटका



परवा पहिल्याच पावसात आमच्या घरातला खटका तीनदा पडला. सूनबाई वैतागून म्हणाली, "आई, ते आरसीसीबी काढूनच टाकूया का?" मी सरळ नाही म्हटलं. का ते सांगायला जरा मागे जाते.

आमचं माथेरान १८५० मध्ये ठाण्याच्या कलेक्टर मॅलेटसाहेबांच्या नजरेत भरलं, छोटी गाडी १९०७ मध्ये आली. पुढे वीज तर अगदी डोंगराखालीच तयार होऊ लागली. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. घाटावरच्या तलावांचं पाणी मोठ्या नळांतून खाली सोडून जनित्रं फिरवायची आणि वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना पाठवायची. एक वीजघर खालापूर तालुक्यात, दुसरं कर्जतमध्ये, आणि झगमगाट मुंबईत!

मी १९८२ मध्ये सून म्हणून इथे आले तेव्हा घरात लाकडी पट्टीवरचं वायरिंग होतं आणि बोर्डावर चिनी मातीचे दोन किटकॅट फ्यूज. भार म्हणजे पाच दिवे, दोन पंखे, एक रेडिओ. घरात चौविहार, त्यामुळे रात्री स्वयंपाकघरात दिवा क्वचितच लागे. फ्यूज उडाला की सासरे नवी तार बसवत. युक्ती एडिसनच्या काळापासूनची: प्रवाह वाढला की बारीक तार वितळते आणि भिंतीतली वायर जळायची वाचते.

मग दस्तुरी नाक्यावरून हातगाडीने फ्रिज आला. पाठोपाठ मिक्सर, इस्त्री, गीझर. मी बी.कॉम., हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. २००० वॅट भागिले २३० व्होल्ट, म्हणजे एकटा गीझरच जवळजवळ ९ अँपिअर घेतो. आमची फ्यूजची तार ५ अँपिअरची. गीझर आणि इस्त्री एकदम लागली की फ्यूज गेलाच. शेवटी एका वायरमनने तांब्याच्या जाड तारेचा पीळ घालून दिला. "आता उडणार नाही बघा." खरंच उडला नाही. आम्ही खूश.

त्याच वर्षी श्रावणात धाकट्या जाऊबाईंनी ओल्या हाताने गीझरचा नळ धरला आणि त्या मागे फेकल्या गेल्या. कोपर मोडलं, जीव वाचला. फ्यूज मात्र जागच्या जागी शाबूत. मला वाटलं, जाड तारेचाच दोष. तो होताच, पण योग्य तार असती तरी फ्यूज उडला नसता. माणसाच्या जिवाला अँपिअरचा काही शतांश भागसुद्धा पुरतो, ५ अँपिअरच्या तारेला त्याचा पत्ताही लागत नाही. फ्यूज वायरीसाठी असतो, आपल्यासाठी नाही, हे मला तेव्हा कळलं.

एमसीबीचंही तेच. १९२४ मध्ये जर्मनीत ह्यूगो श्टोट्झ यांच्या कंपनीने त्याचं पेटंट घेतलं. तार बदलायला नको, खटका वर केला की झालं. पण तोही जास्त भार आणि शॉर्टसर्किटच पाहतो. माणसासाठीचं उपकरण अमेरिकेतल्या बर्कलीच्या चार्ल्स डॅल्झील यांनी १९६१ मध्ये केलं. शरीर किती प्रवाह सोसतं याचा अभ्यास त्यांनी आधी कित्येक वर्षं केला होता. आपलं आरसीसीबी त्याच कुळातलं. ते चक्क जमाखर्च जुळवतं! फेजमधून जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. ३० मिलिअँपिअरची तूट दिसली, म्हणजे कुणाच्या तरी अंगातून जमिनीत गळती असू शकते, की क्षणात वीज बंद. मला तर ते आमच्या कॉलेजातल्या अकाउंट्सच्या सरांसारखं वाटतं.

अर्थिंगही हवंच. ते चांगलं असेल तर गीझर बिघडल्याबरोबर, कुणी हात लावायच्या आधीच खटका पडतो. माथेरानचा जांभा उन्हाळ्यात कोरडा पडतो, म्हणून मीठ-कोळशाच्या त्या खड्ड्यात आम्ही चैत्र-वैशाखात पाणी घालतो. पाणी जपून वापरायच्या दिवसांत शेजारणी हसतात, हसू देत. महिन्यातून एकदा आरसीसीबीवरचं टेस्टचं बटणही दाबते. खटका पडला नाही तर ते उपकरण बदलायचं.

तर परवाचं. सूनबाईला म्हटलं, सगळे एमसीबी खाली कर, आरसीसीबी वर कर, मग एकेक एमसीबी लावत जा. चौथ्याला खटका पडला. ती लाइन अंगणातल्या दिव्याची. जाऊन पाहिलं तर माकडांनी डबीचं झाकण उचकटलेलं, आत पाणी साचलेलं, आणि डबी नातवाच्या हाताला येईल इतक्या उंचीवर. ती लाइन बंद ठेवली आहे. शनिवारी नेरळहून वायरमन येईल, तेव्हा डबी वर घ्यायला सांगणार आहे.