पिटकेर्नची सनद आणि तिच्यातील मौन

‘बाउंटी’ या जहाजावरील १७८९ सालचे बंड इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याला अपरिचित नसते. बायरनने १८२३ मध्ये त्यावर ‘द आयलंड’ हे दीर्घकाव्य लिहिले, नॉर्डहॉफ आणि हॉल यांची कादंबरी १९३२ साली आली, आणि १९३५ व १९६२ मधल्या चित्रपटांनी हा विषय घरोघरी पोचवला. कॅप्टन ब्लायची क्रूरता खरी की रचलेली, फ्लेचर ख्रिश्चन नायक की गुन्हेगार, याची चर्चा अजून सरलेली नाही. मात्र कायदा मोडून पळालेल्या माणसांना पुढे स्वतःसाठी कायदा कसा करावा लागला, ही कथा आपण क्वचितच वाचतो. आणि ती बंडाच्या कथेइतकीच, किंबहुना अधिक, अस्वस्थ करणारी आहे.

१७९० च्या जानेवारीत नऊ बंडखोर, सहा पॉलिनेशियन पुरुष आणि डझनभर पॉलिनेशियन स्त्रिया पिटकेर्न या निर्जन बेटावर उतरल्या. बेटाचे क्षेत्रफळ पाच चौरस किलोमीटरांहूनही कमी. त्या स्त्रियांपैकी अनेक जणींना जहाज कोठे निघाले आहे याची कल्पनाही दिलेली नव्हती. जमिनीचे नऊ वाटे झाले आणि ते नऊही गोऱ्यांनी घेतले. पॉलिनेशियन पुरुषांच्या वाट्याला फक्त राबणे आले. बेटावरचा पहिला कायदा हाच, फक्त तो कोणी लिहून ठेवला नाही. जमीन आणि स्त्रिया यांवरून १७९३ मध्ये कत्तल झाली. पुढच्याच वर्षी तेथील स्त्रियांनी बेट सोडून जाण्यासाठी एक होडी बांधली. ती पाण्यात लोटताच उलटली. १८०८ साली ‘टोपाझ’ हे अमेरिकन जहाज तेथे पोचले, तेव्हा बंडखोरांपैकी एकटा जॉन ॲडम्स जिवंत होता आणि बायबलच्या आधारे तो या वस्तीचा कुलपिता बनला होता.

ॲडम्स १८२९ मध्ये वारला आणि बेटाची सत्ता मोकळी पडली. अशा जागी तोतया येतो, हे आपल्या पेशवाईच्या इतिहासानेही पाहिले आहे. १८३२ मध्ये जोशुआ हिल नावाचा गृहस्थ अवतरला. ब्रिटिश सरकारनेच आपल्याला पाठवले आहे असे त्याने सांगितले, आणि भोळ्या बेटवासीयांनी ते मानले. शिक्षा, हद्दपारी, धाकदपटशा असा त्याचा अंमल सुमारे पाच वर्षे चालला. बेडफर्डच्या ड्यूकशी आपले नाते आहे, अशी त्याची बढाई होती. १८३७ साली ‘ॲक्टिऑन’ ही युद्धनौका आली, आणि तिचा कप्तान लॉर्ड एडवर्ड रसेल हा नेमका त्याच ड्यूकचा मुलगा निघाला! तोतयेगिरी तेथेच संपली.

नोव्हेंबर १८३८ मध्ये ‘फ्लाय’ या युद्धनौकेचा कप्तान रसेल इलियट बेटावर आला. तुम्हाला ना कायदा, ना देश, असे म्हणून व्हेलशिकारी जहाजांवरील खलाशी बेटवासीयांना धमकावत असत. सुमारे शंभर माणसांच्या या वस्तीला इलियटने ब्रिटनचा झेंडा आणि एक छोटीशी सनद दिली. बेटावरच जन्मलेला मॅजिस्ट्रेट दरवर्षी निवडायचा. अठरा वर्षांवरील प्रत्येक बेटवासीयाला, पुरुष असो की स्त्री, मत द्यायचे. मुलांना शाळा सक्तीची. न्यूझीलंडमधील स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मताधिकार मिळाला तो १८९३ साली. त्याच्या पंचावन्न वर्षे आधीची ही तरतूद कौतुकास पात्र ठरली, हे योग्यच आहे.

सनदेचा उरलेला भाग खेडेगावाच्या रोजच्या व्यवहाराचा आहे. कोणाचा कुत्रा काय नुकसान करतो, शेताच्या हद्दीच्या खुणा जागेवर आहेत की नाहीत, लाकूड कोणी किती तोडावे, याचे नियम. पुढल्या वर्षी उंदरांच्या वैरी असलेल्या मांजरांनाही कायद्याचे संरक्षण मिळाले. लोहारशाळेतील सार्वजनिक ऐरण व घण नेणाऱ्याने काम झाल्यावर ते परत ठेवावेत. निष्काळजीपणाने हरवल्यास नवे आणून द्यावेत, वर चार शिलिंग दंड. असा कायदा वाचताना हसू येते, पण तो खरा कायदा आहे. कारण बेटावरच्या प्रत्येकाला तो ठाऊक होता.

याच सनदेत आणखी एक कलम आहे. मॅजिस्ट्रेटच्या परवानगीवाचून कोणत्याही स्त्रीने परक्या जहाजावर जाऊ नये. तो स्वतः सोबत नसेल तर त्याने स्त्रियांवर नजर ठेवायला चार पुरुष नेमावेत. खलाशांचा उपद्रव पाहता त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु १७९४ ची ती उलटलेली होडी आठवली की या कलमाचा दुसरा अर्थही दिसू लागतो. स्त्रीला मत मिळाले. बेटाबाहेर पाऊल टाकण्याचा निर्णय मात्र तिच्या हाती राहिला नाही. धोका नेहमी समुद्राकडून येतो आणि बेटावरचा पुरुष हा रक्षकच असतो, हे या सनदेचे गृहीतक होते.

साम्राज्याने पुढे या बेटाकडे अधूनमधूनच पाहिले. १८५६ मध्ये सारी वस्ती नॉरफोक बेटावर हलवली गेली. काही कुटुंबे थोड्याच वर्षांत परतली. १८९७ मधल्या एका खुनाबद्दल आरोपीला फिजीत नेऊन फाशी दिले, आणि १८९८ मध्ये बेट पश्चिम पॅसिफिकच्या हाय कमिशनरच्या अधिकाराखाली आले. इंग्लंडचा कायदा तत्त्वतः लागू होता. परंतु त्याची पुस्तके हजारो मैलांवर होती. बेटावर रोजचा अंमल होता तो ओळखीच्या माणसांचा.

या दोन कायद्यांमधल्या पोकळीत काय घडत राहिले, ते १९९९ नंतर उघड झाले. २००४ साली बेटावरच चाललेल्या खटल्यात सात पुरुषांपैकी सहा जण मुलींवरील लैंगिक अत्याचारांबद्दल दोषी ठरले. त्यांत तेव्हाचा महापौरही होता. १९४९ पूर्वीच्या खटल्यांमुळे आपल्याला परिचित असलेल्या प्रिव्ही कौन्सिलपुढे त्यांनी अपील केले. पिटकेर्न ब्रिटिश नाहीच, आणि इंग्लंडचा संबंधित कायदा बेटावर कधी प्रसिद्धच झाला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. २००६ मध्ये अपील फेटाळले गेले.

निकाल मला न्याय्य वाटतो. असे कृत्य वाईट आहे हे कळायला छापील पुस्तक लागत नाही. पण बचावाचा दुसरा मुद्दा साम्राज्याच्या वर्मी बसणारा आहे, हे नाकारता येणार नाही. झेंडा देणे सोपे होते. कायदा माणसांपर्यंत नेणे, आणि घरातल्या दुर्बलाला दाद मागता येईल अशी जागा बेटावर निर्माण करणे, हे काम कोणी केले नाही. ज्या बेटावर ऐरण हरवल्याची दाद मागता येत होती, तेथे मुलींची दाद घेतली जायला एकविसावे शतक उजाडावे लागले. पिटकेर्नच्या स्त्री-मताधिकाराचा गौरव करणाऱ्या प्रत्येक पानावर ही ओळही असायला हवी.