गारेतलं सोनं आणि पाण्यातला तराजू

आज सुरुवात एका दगडापासून करू. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये हिल एंड नावाचं खाणीचं गाव आहे. 19 ऑक्टोबर 1872 च्या रात्री तिथल्या स्टार ऑफ होप खाणीत सुरुंग लावल्यावर सोनं भरलेल्या गारेचा एक प्रचंड तुकडा निघाला. वजन सुमारे 286 किलो, सोनं अंदाजे 93 किलो. खाणीतला एक भागीदार, बर्नहार्ट होल्टरमन, याला तो अख्खा जपायचा होता. अंदाजित किमतीच्या वर पैसे मोजायलाही तो तयार होता. कंपनी नाही म्हणाली. दगड फोडला, दळला, सोनं काढलं. उरला तो फक्त फोटो.

आता प्रश्न असा की, आत किती आहे हे कळायला फोडावंच लागतं का? सोनाराची कसोटी इथे उपयोगाची नाही. ती समोरच्या सोन्याचा कस सांगते, गारेच्या पोटात किती दडलंय ते सांगत नाही.

उत्तराची वाट आर्किमिडीजपासून निघते. राजाच्या मुकुटात चांदी मिसळली आहे का, ही त्याची गोष्ट रोमन लेखक व्हिट्रुव्हियसने सांगितली. त्यात मुकुट बुडवून सांडलेलं पाणी मोजतात. 1586 मध्ये बावीस वर्षांच्या गॅलिलिओने एका छोट्या टिपणात म्हटलं, ही रीत फार ढोबळ आहे. वस्तू पाण्यात टांगून तोलायला हवी. त्याच्याही आधी, भारतावर ग्रंथ लिहिणाऱ्या अल्-बिरूनीने धातूंची आणि रत्नांची विशिष्ट गुरुत्वं बारकाईने मोजली होती. बाराव्या शतकात अल्-खाझिनीने तराजूवरच्या आपल्या ग्रंथात ती मोजमापं घेतली.

आजचा हौशी सोनं शोधणारा हेच करतो. सोन्याचं विशिष्ट गुरुत्व 19.3, गारेचं 2.65. समजा, खडा कोरडा 100 ग्रॅम भरला. मग दोऱ्याने पाण्यात टांगून, तळाला न टेकवता तोलला, तर 67 ग्रॅम. म्हणजे घट 33. नुसती गार असती तर घट जवळपास 37.7 आली असती. घटीला 2.65 ने गुणा, ते कोरड्या वजनातून वजा करा, उरेल त्याला 1.16 ने गुणा. साडेचौदा ग्रॅम सोनं!

पण थांबा, इथेच खरी गंमत आहे. पाण्यातलं वजन एका ग्रॅमने चुकलं, तर सोन्याचा आकडा तीन ग्रॅमने चुकतो. खड्याला हवेचा बुडबुडा चिकटला, फटीत हवा राहिली, की सोनं कमी दिसतं. म्हणून खडा आधी भिजवून ठेवायचा. आणि खड्यात पायराइट असेल तर? 100 ग्रॅमच्या खड्यात 10 ग्रॅम पायराइट असू द्या आणि सोन्याचा कणही नसू द्या, हे गणित तरीही साडेपाच ग्रॅम सोनं दाखवेल.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून माझं लक्ष इथे अडकतं. तराजू फक्त एवढंच सांगतो की खडा गारेपेक्षा जड आहे. तो जडपणा सोन्याचा, हे आपण ठरवलेलं असतं. ‘यात दोनच पदार्थ आहेत’ हे वाक्य तराजूवर कुठेच नसतं, ते आपण घरून घेऊन आलेलो असतो. आर्किमिडीजलाही संशय चांदीचाच होता, म्हणून त्याचं उत्तर निघालं.

तेव्हा खडा विकत घेताना कुणी आकडा सांगितला, तर आधी विचारा: सोनं आणि गार सोडून यात आणखी काय आहे? भिंगातून बघा, काळे-तांबूस डाग शोधा. आणि खडा फोडायची घाई करू नका. मोजणी पुन्हा करता येते. फोडलेला दगड मात्र होल्टरमनलाही परत मिळाला नाही.